भाईंचा बेस

माझ्या लग्नात मी नवरीकडे कमी आणि बेसवाल्याकडे जास्त बघत होतो.

लग्न पार्श्याला, म्हणजे मुलीच्या गावी होतं. ती तिकडच्या ऑर्केस्ट्रात गायची, त्यामुळे त्या ऑर्केस्ट्राने लग्नात वाजवायचं हे आपसूकच ठरलेलं. मी साखळीचा. आमचाही ऑर्केस्ट्रा होता आणि त्यात बेसगितार वाजवायचो मी. त्यामुळे कपाळाला बाशिंग बांधून पाटावर बसलो तरी कान मंडपाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे एक उंच, किडकिडीत माणूस पायातली चप्पल काढून, डोळे मिटून बेस वाजवत होता. भर उन्हाळ्यात पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, केसांना खोबरेल तेल. बाकीच्यांची वाद्यं वाजत होती, त्याचा बेस मात्र ऐकू येत नव्हता. तो पाटाखालच्या जमिनीतून माझ्या मांड्यांत येत होता. भटजी म्हणाले, "लक्ष खंय आसा?" मी म्हणालो, "हांगाच." तिथून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे कित्येक वर्षं दुखत राहिलं.

त्यांना सगळे भाई म्हणायचे, मीही तेच म्हणेन. शिवोली-चोपडे फेरीबोटीवर ते इंजिनाकडे कामाला होते. दिवसभर नदी आरपार करायची आणि सुट्टी मिळेल तेव्हा जत्रा, लग्नं, गणपतीतले कार्यक्रम वाजवायचे. कोणाकडून शिकलात, असं विचारलं तर म्हणायचे, "इंजिनाकडसून. इंजिन कधी बेसूर जाता काय?"

त्यांच्या अॅम्पला, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीला, ते 'म्हस' म्हणायचे, म्हणजे म्हैस. काळा, अवजड, कोपरे झिजलेला. त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला चालत नसे. "म्हशीक उन्हात दवरू नको," "म्हशीच्या पाठीर पेलो ठेव नको," असं ते साऊंडवाल्याच्या पोरांना दरडावत. पेला ठेवायचा हक्क फक्त त्यांचा. कुठलाही नवा बॉक्स पारखायचा असला की ते घरून आणलेला स्टीलचा पेला पाण्याने काठोकाठ भरून त्यावर ठेवत आणि सगळ्यांत जाड तार छेडून पाण्याकडे बघत. पाण्यावर गोल गोल कडी उठली तर बॉक्स बरा. पाणी वेडंवाकडं नाचायला लागलं की पेला उचलून ते पाणी पिऊन टाकायचे आणि चालू लागायचे. म्हापशातला एक दुकानदार त्यांना लांबून येताना बघून शटर अर्धं खाली ओढायचा, कारण भाई बॉक्स फुटपाथवर काढायला लावायचे, मी बरोबर असलो तर मला, नाहीतर त्याच्या नोकराला तार छेडत ठेवायचे आणि स्वतः रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला, माशांच्या टोपल्या आणि बसच्या भोंग्यांमध्ये उभे राहून ऐकायचे.

"दुकानात सगळेच बरे वाजतत," ते म्हणायचे. "लोक काय दुकानात बसून आयकतत?"

जत्रेतही तसंच. कार्यक्रमाआधी आवाज जुळवताना भाई स्टेजवर नसायचे. बेस दुसऱ्याच्या हातात देऊन ते मैदानाच्या शेवटाला, खाज्यांच्या दुकानांपर्यंत जायचे आणि स्टेजकडे पाठ करून उभे राहायचे. एकदोनदा तो बेस माझ्या हातात आला. पेडण्याच्या जत्रेत आमचा कार्यक्रम त्यांच्यानंतर होता. मी तार छेडत होतो आणि मागच्या म्हशीतून जो आवाज येत होता तो इतका गोल, इतका भरीव होता, की मला वाटलं हा बेस उचलावा आणि थेट साखळीची बस पकडावी.

लग्नानंतर बायको दोन्हीकडे गायला लागली. आमच्याकडेही आणि माहेरच्या ऑर्केस्ट्रातही. शाळेत शिकवायची, गळा ताणायचा नाही म्हणून वर्गात खडूने फळा वाजवायची, सगळा आवाज रविवारसाठी राखून ठेवायची. कार्यक्रमाचं बोलावणं आलं की तिचा पहिला प्रश्न असे, "भाई आसत मां?"

मी एकदा विचारलं, "भाई नसले तर काय गो होता?"

ती तांदूळ निवडत होती. थोडा विचार करून म्हणाली, "ते मागे आसले काय पायांखाली जमीन लागता. बिनधास्त वर जावक मेळता."

"आनी माझो बेस?"

"तुमचोय बरो वाजता."

'बरो' हा शब्द आमच्याकडे जेवणालाही लावतात, पावसालाही लावतात आणि म्हाताऱ्याच्या तब्येतीलाही लावतात. त्या रात्री मला काही जेवण गेलं नाही.

त्याच काळात आमच्या ऑर्केस्ट्रात दुसरंच भांडण पेटलं होतं. गोव्याचं वेगळं राज्य होणार, त्याची राजभाषा कुठली होणार, यावरून घराघरांत वाद चालू होते. आमच्यात अर्धे म्हणायचे मराठीच गाणी घ्यायची, अर्धे म्हणायचे कोंकणीच. ढोलकीवाला आणि ट्रम्पेटवाला एकमेकांशी बोलेनासे झाले, तरी शेजारी शेजारी बसून वाजवायचे. भाईंच्या ऑर्केस्ट्रातही हेच. त्यांनी म्हणे एका मीटिंगमध्ये एवढंच सांगितलं, "वर काय व्हया ता गायात. खालचो सूर दोनांकय तोच लागता," आणि पेला घेऊन घरी गेले. बायकोने हे मला इतक्या कौतुकाने सांगितलं, की मी दोन दिवस भाषेच्या प्रश्नावर बोललोच नाही.

भाईंच्या पायाशी पेडल्स असायची. तीन छोट्या डब्या, अनवाणी अंगठ्याने दाबायच्या. आवाज जरा जाड करायचा, जरा पसरवायचा, जरा दाबून धरायचा, एवढंच त्यांचं काम. पण कुठली डबी काय करते, कुठल्या कंपनीची आहे, हे कोणाला कळू नये म्हणून भाईंनी त्यांना वायरमनची काळी पट्टी गुंडाळलेली. नावं दिसत नाहीत, दिवे तेवढे लुकलुकतात. विचारलं की म्हणायचे, "पेडल म्हणजे मिस्कूट, रे. शिताक बोटभर लावचा. मिस्कुटाक शिता लावूची नाय." कैरीच्या लोणच्याची ही गोष्ट ऐकून माणूस हसायचा आणि मूळ प्रश्न विसरायचा.

मी विसरलो नाही. एकदा फेरीबोटीवर त्यांना एकटं गाठलं. इंजिनाच्या खोलीच्या तोंडाशी उभे होते, हातात चिंधी. मी सरळ विचारलं, "भाई, मदल्या डब्यात काय आसा? माका तसलो आवाज व्हयो."

ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फज."

"फज? गितारीचो आवाज खरखरीत करता तो? बेसाक?"

"बेसाक. हळू गाण्याक तर फजच व्हयो."

माझ्या बहिणीचा नवरा आखातात होता. त्याला पत्र लिहिलं, आणि सुट्टीवर येताना तो फजची लाल चकचकीत डबी घेऊन आला. रविवारी शाळेच्या खोलीत तालमीला बसलो. बायकोने एक संथ गाणं धरलं, मी वेळ साधून अंगठा दाबला, आणि खोलीत खनिजाचा भरलेला ट्रक चढावर गिअर बदलावा तसा आवाज झाला. बाकावरचा तबला हादरला. बायको गाता गाता थांबली, तोंडावर पदर धरून हसायला लागली आणि हसता हसता म्हणाली, "ह्या काय हाडलात तुमी?"

भाईंनी मला फसवलं होतं. ठरवून, नदीकडे बघत बघत. मला राग आला त्याहून जास्त आनंद झाला. म्हणजे हाही माणूस जळतो तर! माझ्यावर कशापायी जळतो, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढे हरमलचं प्रकरण घडलं. तिथे किनाऱ्यावर परदेशी लोक खोल्या घेऊन राहायचे, आणि त्यांतला एक जण गाशा गुंडाळून परत जाणार आहे, त्याच्याकडे बेसचा अॅम्प आणि पेडल्स आहेत, विकायची आहेत, अशी खबर बायकोच्या भावाने मला आणली. मी कोणाला न सांगता बस पकडली. झावळ्यांच्या खोलीत शिरलो तर भाई आधीच बसलेले. अॅम्पवर पाण्याचा पेला.

"तूय आयलंस?" ते म्हणाले.

अॅम्प बघून मी खिशातले पैसे चाचपले. नवाकोरा, चांदीच्या रंगाची बटणं, पुढे निळा दिवा. शेजारी एक पेडल, जे दाबलं की वाजवलेल्या सुराखाली आणखी एक सप्तक खालचा सूर येतो. तो गोरा माणूस हळू आवाजात वाजवून दाखवत होता आणि खोलीच्या झावळ्या थरथरत होत्या. भाई मात्र पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी स्पीकरला कान लावला, बोटाने जाळी दाबली आणि पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं.

बाहेर येऊन माडाखाली त्यांनी मला थांबवलं. "ह्यो घेव नको. आतलो कोन, स्पीकरचो पडदो, सुटलो आसा. घरात वाजतलो, स्टेजार मरतलो."

"तुमी घेतात?"

"मी कशाक घेव? मरतलो म्हणान सांगतंय मां?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. असाच चेहरा फेरीबोटीवर होता. मला फज आठवला, खनिजाचा ट्रक आठवला, पदर धरून हसणारी बायको आठवली. मी मनात म्हटलं, भाई, एकदा फसलो. मी खोलीत परत गेलो आणि अॅम्प, पेडल, दोन्ही घेतलं. भाई माडाखाली उभेच होते. रिक्षात अॅम्प चढवताना ते पुढे आले, एका बाजूने धरलं, नीट टेकवला आणि काही न बोलता किनाऱ्याकडे चालत गेले.

घरी अॅम्प सुंदर वाजला. बायको म्हणाली, "आता बरो वाजता," पण या वेळचं 'बरो' जरा वरच्या पट्टीतलं होतं. मी जग जिंकलं.

काजूचे दिवस होते. डिचोलीच्या मैदानावर आमच्या ऑर्केस्ट्राचा मोठा कार्यक्रम ठरला आणि त्यात बायकोला स्वतःचं गाणं म्हणायला मिळालं. शब्द तिचे, चाल तिची, भाषा कोंकणी. आमच्यातल्या मराठीवाल्यांनीही मान डोलावली होती, ट्रम्पेट आणि ढोलकी त्या गाण्यापुरती बोलायला लागली होती. सुरुवातीला फक्त तिचा आवाज आणि माझा बेस, बाकी सगळे गप्प, असं तिनेच ठरवलं. "तुमी आनी मी," ती म्हणाली होती. किती वर्षं मी हे ऐकायची वाट बघत होतो.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. मैदान भरलेलं, पुढे सरपंच, मास्तर, तिच्या शाळेतल्या मुली. तिने पहिली ओळ उचलली. मी खालचा सूर दिला. दुसऱ्या ओळीला पायाने नवं पेडल दाबलं. एकच क्षण सगळं मैदान आतून भरून आलं असं वाटलं. लगेच मागून लुगडं टराटरा फाटावं तसा आवाज आला, फडफडला, आणि मेला. निळा दिवा तेवढा हसत राहिला.

ती थांबली नाही. नुसत्या गळ्यावर गात राहिली, पण तिचे खांदे वर गेले, मला मागून दिसत होते. आवाज आधार शोधत होता, सूर जरासा चढू लागला होता. मी तारा छेडत होतो, लाकडाची टकटक तेवढी होत होती. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं.

तेवढ्यात स्टेजच्या मागच्या फळीवरून भाई वर आले. अनवाणी. त्यांच्या मागे साऊंडवाला, आणि त्याच्या हातांत म्हस. भाईंनी दुसऱ्या कोणाला म्हशीला हात लावू दिला, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. भाईंनी माझी पेडल्स पायाने बाजूला सारली, वायर खेचून म्हशीत खोचली आणि गुडघे टेकून बटणं फिरवली.

"वाजय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "तिका वाट बघूक लावू नको."

मी वाजवलं. तोच आवाज, लग्नातला, जमिनीतून येणारा. तिचे खांदे खाली आले. ती गाता गाता मागे वळली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिने म्हशीकडे बघितलं, मग म्हशीच्या मागे गुडघ्यांवर बसलेल्या माणसाकडे. मग माझ्याकडे. आणि पुढे वळून ती अशी गायली, की ते गाणं आमच्या दोन तालुक्यांत अजून लोक गुणगुणतात.

साऊंडवाल्याने नंतर सांगितलं, भाई दुपारीच टेम्पोने येऊन अॅम्प ताडपत्रीखाली ठेवून बसले होते. "लागतलो म्हणाले," तो म्हणाला.

घरी येताना बायको खुशीत होती. म्हणाली, "आज तुमी अगदी भाईंसारखे वाजयलात."

भाई त्या रात्री म्हस आमच्याकडेच ठेवून गेले होते, ती परत द्यायला दुसऱ्या रविवारी मी पार्श्याला गेलो. अंगणात काजूच्या बोंडूंचा वास भरला होता, भाईंची म्हातारी आई बिया वाळत घालत होती. भाई ओट्यावर बसून वायर गुंडाळत होते, कोपर ते तळवा, कोपर ते तळवा. मी आभार मानायला गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"अॅम्प मरतलो ह्या ठावक होता, तर माका जोर करून सांगूक जाय होता."

"सांगलंय. तू आयकलंस नाय." मग म्हणाले, "तुझी चूक नाय. आदी फजाची फट मीच मारली."

"ती कशाक मारलात?"

"तुझो राग येय माका."

"माझो? मी काय केलंय?"

ते वायर गुंडाळत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हस तुझ्यासाठी हाडलेली नाय. बायचा गाणा पडूचा नाय, म्हणान हाडली." तिला ते पहिल्यापासून 'बाय' म्हणायचे, आमच्याकडे मुलीला म्हणतात तसं.

मी म्हणालो, "भाई, ती तुमका..."

त्यांनी वायरचं वेटोळं पूर्ण केलं, सुतळीने नीट बांधलं, ओट्यावर ठेवलं. आईला हाक मारली. "आवशी, ह्येका चाय कर." चहा आला. आम्ही प्यायलो. पावसाच्या आधी माडांवरचे नारळ उतरवून घ्यायला हवेत, असं काहीतरी ते बोलले. त्यांना माझा राग लग्नाच्या पाटापासून का येत होता, ते मला कळलं होतं.

त्या वर्षी पावसाळ्याआधी भाईंनी वाजवणं सोडलं. लोकांनी हजार कारणं काढली. कोणी म्हणाले पाठ धरते, कोणी म्हणाले आता कीबोर्डवालेच डाव्या हाताने बेस वाजवतात, त्याचा राग आला. अॅम्प, बेस, काळ्या पट्टीतली तिन्ही पेडल्स त्यांनी विकायला काढली. मी धावत गेलो. म्हणालो, माका द्या.

"तुका नाय," ते म्हणाले.

"कशाक?"

"तुका दिलंय तर तिका मागसून परत तोच आवाज येतलो. मगे सोडून काय केलंय?"

सगळं म्हापशाच्या एका लग्नाच्या बँडला गेलं. मी रिकाम्या हाताने परत आलो आणि बसमध्ये, खरं सांगतो, त्यांच्यावर पूर्वीपेक्षा जास्त जळत आलो. तोपर्यंत त्यांच्याकडे आवाज होता, तो मला हवा होता. आता त्यांच्याकडे असं काही होतं जे मागताही येत नव्हतं.

मी पुढे स्वतःचा अॅम्प घेतला, निवडून, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून ऐकून. बरा वाजतो. बायको माझ्याबरोबर गात राहिली. "भाई आसत मां?" हा प्रश्न मात्र तिने त्यानंतर एकदाही विचारला नाही. सुरुवातीला मला हे बरं वाटलं. नंतर नवल वाटायला लागलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. एकदा माहेरी जायला आम्ही स्कूटरवरून निघालो होतो, चोपड्याला उतरायची फेरीबोट पकडली. इंजिनाच्या खोलीकडून भाई वर आले. केस पांढरे, पण तेल तसंच, बाह्या मनगटापर्यंत. तिला बघून थांबले.

"बाय, बरी आसस मां?"

"बरी आसंय. तुमी?"

"बरो." नदीकडे बघत म्हणाले, "गातंस मां अजून?"

"गातंय."

त्यांनी मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली गेले. बोट किनाऱ्याला लागली. आम्ही उतरलो, मी स्कूटर चढावर घातली. ती मागे बसलेली. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मला आता ठेववेना.

"भाईंनी वाजवचा कशाक सोडला, तुका ठावक आसा?" मी विचारलं.

"आसा," ती म्हणाली.

स्कूटर डगमगली. "कोणे सांगला?"

"सांगूक कशाक व्हया? इतकी वर्सां तेंच्या फुड्यात उबी रवान गायलंय. पाठीक सगळा कळता."

पुढचा चढ मी गिअर उतरवून चढवला. मीही वर्षानुवर्षं तिच्या पाठीमागेच उभा राहून वाजवत आलो होतो. तिच्या पाठीला माझं काय कळलं, हे विचारायचं ओठांवर आलं होतं, पण मी विचारलं नाही. ती मागे बसली होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि माझ्या पाठीला काहीही कळत नव्हतं.